पाचटाचा धूर

कुठं उसाचं पाचट पेटलं आणि तो धूर नाकात गेला, की मला आमच्या बांधालगतचा सिमेंटचा पाईप आठवतो. मिरजेला कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत होती. त्याच्या सरावात माझ्या कारवानी जातीच्या शिकारी कुत्रीनं पाच उड्या मारून तो पाईप तीस सेकंदांत पार करायचा, असं मी ठरवलं होतं. उड्या ती सहज मारायची, पण पाईपातल्या अंधाराला भ्यायची. ती भीती घालवण्यात माझा महिना गेला. आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी, शेजारच्या रानात पाचट पेटलेलं असताना, ती पुन्हा पाईपाच्या तोंडाशी थबकली. पाठीवरचे केस ताठ उभे. बांधावरून चुलते ओरडले, "आज ऱ्हाऊ दे रं, जनावर उगं थांबत न्हाई." मला वाटलं, जुनीच भीती. मी दरडावलं, "जा!" तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि आत शिरली. आतून कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार आला. आगीतून पळालेली घोणस आमच्याआधीच तिथं येऊन बसली होती. कुत्री तरीही माघारी वळली नाही, पलीकडून निघून थेट माझ्यापाशी धावत आली. अठ्ठावीस सेकंद. शाबासकीसाठी तिनं तोंड वर केलं, तेव्हा तिच्या नाकावर रक्ताचे दोन थेंब होते. आता दुसरी कुत्री आहे; ती कुठं अडली, की मी आधी घड्याळ बंद करतो.