उखाण्याबाहेरची हाक

निवृत्तीनंतर हौसेने घेतलेल्या छोट्या शिडाच्या होडीतून आम्ही दोघं किनाऱ्याकिनाऱ्याने निघालो होतो. खाडीच्या तोंडाशी एक लाट अंगावर कोसळली आणि सुकाणू धरून बसलेले हे दिसेनासेच झाले.

"सुधाकर!" मी किंचाळले.

लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण उखाण्याबाहेर हे नाव माझ्या तोंडी कधी आलं नव्हतं. पाणी ओसरलं. सुकाणूला बिलगलेले हे माझ्याकडे बघतच राहिले. लाटेपेक्षा त्या हाकेनेच आम्ही हादरलो होतो. इतकी वर्षं माझ्या आत कोण दडून बसली होती?

बंदरात पोचल्यावर मी नेहमीसारखं विचारलं, "अहो, चहा घेता ना?"

त्यांनी मान वळवून समुद्राकडे पाहिलं. हाक मारणारी बाई जणू तिथेच राहिली होती.