अर्पणाची कोंबडी

पुस्तकवाल्या काकूंना अक्षरओळख नव्हती, पण पवित्र शास्त्र वाचताना माझा एक शब्द गळाला तरी त्या भर उपासनेत घसा खाकरत. निजामाच्या राजवटीत ख्रिस्ती उपदेशक आणि शाळामास्तर म्हणून माझी पहिली नेमणूक पिंगळीला झाली, तेव्हा नव्या शिक्षणाचा ताठा माझ्या अंगात होता. काकूंनी तो आठवडाभरात उतरवला.

त्यांच्याकडे लाल फडक्यात बांधलेलं शास्त्र होतं. भेटेल त्याच्याकडून त्या ते वाचून घेत. स्टेशनमास्तरही सुटला नव्हता. ऐकलेलं मात्र लगेच आचरणात यायचं. देताना माप दाबून भरावं, असं एकदा कानावर पडलं आणि काकू बाजारात ज्वारी शीग लावून देऊ लागल्या. काका कुरकुरले की म्हणत, "पुस्तकात दाखवा, मंग हात आवरते." काका काय दाखवणार, त्यांनाही वाचता येत नव्हतं.

एकाच बाबतीत काकूंचं शास्त्र अडत असे. ओढ्यापलीकडे त्यांची जाऊ राहायची. सासूच्या तांब्याच्या घंगाळावरून दोघींचं बिनसलं आणि अकरा वर्षं बोलणं बंद होतं. घंगाळ काकूंकडे होतं. जावेचा विषय निघाला की त्या उठून चुलीपाशी जात.

कापणीच्या सणाला मंडळी चर्चमध्ये भोपळे, कणसं, अंडी घेऊन आली. काकूंनी स्वतः पोसलेली तांबडी कोंबडी आणली होती. मी उतारा निवडला तो केवळ त्यात अर्पणाचा उल्लेख आहे म्हणून. वेदीपाशी आल्यावर कुणाचं मन आपण दुखावलंय हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवून आधी समेट करायला जावं, असा तो उतारा.

काकू उठून पुढे आल्या. चेहरा उतरला होता.

"मास्तर, पुन्यांदा वाचा."

मी वाचलं. त्यांनी कोंबडी माझ्या हातात दिली.

"काकू, उपासना होऊ द्या. इतकं शब्दशः घ्यायचं नसतं."

"तुमी वाचायलात, मी ऐकायलेय. मधी हे काय आणलं?"

थोड्या वेळानं डोक्यावर घंगाळ घेऊन ओढ्याकडे निघालेल्या काकू दारातून दिसल्या. जावेनं दार लावून घेतलं तर गावभर हसं होणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

आम्ही गाणी गात थांबलो. कोंबडीनं माझा पांढरा कोट खराब केला. दोन्ही हात अडकलेले, पान उलटता येईना. समोर तोच उतारा. तिसऱ्यांदा वाचताना मला जालन्याचा थोरला भाऊ आठवला. त्याच्या तोंडावर नको ते बोलून मी घर सोडलं होतं, त्याला तीन वर्षं झाली होती.

गाणी संपत आली तेव्हा दोघी जावा घंगाळाच्या दोन कड्या धरून आल्या. आत जावेनं आणलेला भोपळा होता.

"मला घंगाळ नगं," जाऊ दारातूनच म्हणाली. "मी हिचीच वाट बघायले, अकरा वर्षं झाली."

काकू रडत होत्या, हसत होत्या आणि माझ्याकडे कोंबडी मागत होत्या. इतकी आनंदाची उपासना मी पुढे कधी चालवली नाही.

माझ्या परसातल्या वांग्यांची पाटी मात्र मी वेदीवर ठेवली नाही. काकूंनी ते बरोबर पाहिलं.

"मास्तर, तुमचं?"

"जालन्याहून आल्यावर."

 संध्याकाळच्या गाडीला काकू भाकरी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "दार न्हाई उघडलं तर पायरीवर बसून ऱ्हावा."

बसावं लागलं नाही. दार भावानंच उघडलं, मला वरून खाली न्याहाळलं. मग कोटावरच्या डागाकडे बोट दाखवून म्हणाला, "हे काय?" मी कोंबडीपासून सुरुवात केली. तो हसू लागला तेव्हा मी अजून उंबऱ्याबाहेरच होतो.