नाव बदललेली बाई

सेलिनताई लिहिताना पेन्सिलीपेक्षा खोडरबर जास्त झिजवत. सांडोर गावातल्या त्यांच्या घरात खिडकीबाहेर केळी, टेबलावर चिनी शब्दकोश आणि सगळीकडे रबराचा चुरा. तरुणपणी वार्ताहर म्हणून चीनला गेल्या, भाषा शिकल्या आणि पुढे जन्मभर तिथल्या बायकांच्या चळवळीवरच लिहीत राहिल्या. गावाला त्याचं कौतुक बेताचंच. "आमची चायनावाली," एवढंच.

डोळे अधू झाल्यावर त्यांनी मला मदतीला घेतलं. मी फुलपाड्याची, नुकती एम.ए. झालेली, म्हणजे जगातली सगळी अक्कल माझ्यापाशीच. त्यांच्या टिपणांवरून मी त्यांच्या नव्या पुस्तकाचं एक प्रकरण लिहिलं. चीनमधल्या एका कपड्यांच्या कारखान्यात बायकांची छेड काढणाऱ्या साहेबांविरुद्ध गुपचूप बायका जमवणारी एक कामगार. ओळखली गेली तर तुरुंगच. म्हणून मी नाव बदललं. पण तिचं गाव, तुटका दात, जुळ्या मुली सगळं हौसेनं रंगवलं.

"नाव बदललं की बाई लपते का गं?" ताईंनी विचारलं.

"ताई, तिकडे मराठी कोण वाचतंय?"

"मोबाइल वाचतो. सगळ्या भाषा वाचतो."

मला काही ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक कागद ठेवला. "मोठ्यानं वाच."

'फुलपाड्यातली सुमन. चष्म्याची काडी निळ्या दोऱ्यानं बांधलेली. भजनाला जाते सांगून दर गुरुवारी दहावीच्या वर्गाला जाते...'

मी कागद टेबलावर पालथा घातला. ही माझी आई होती. मीच एकदा चहा पिताना विश्वासानं ताईंना सांगितलं होतं. बाबांच्या कानावर गेलं असतं तर वर्ग त्याच दिवशी बंद झाला असता.

"ताई, हे कुठे द्यायचं नाही हं!" मी जवळजवळ ओरडलेच.

"का? नाव तर बदललंय." आणि त्यांनी तो कागद माझ्यासमोर फाडून टाकला.

मला राग आला, रडूही आलं. मग दोघी खोडायला बसलो. गाव गेलं, दात गेला, मुली गेल्या. उरलं त्यात जीव नव्हता. ताईंनी अख्खं प्रकरणच काढून टाकलं. प्रकाशक फोनवर चिडले, "पुस्तकाचा कणाच काढलात तुम्ही!"

"त्या बाईचा आहे तो कणा. तिला लागेल," ताई म्हणाल्या.

आई दहावी झाली. बाबांना ते पेढा तोंडात गेल्यावरच कळलं. मी बातमीदार झाले. माझ्या बातमीपायी आजवर कुठल्या बाईला तोंड लपवावं लागलं नाही, हे सेलिनताईंचे उपकार. ते फिटायचे नाहीत आणि मला ते फेडायचेही नाहीत.

गेल्या वर्षी ताई गेल्या. यंदा फेब्रुवारीत त्यांच्या भावानं मला बोलावून एक लाल कार्ड दाखवलं, चिनी नववर्षाचं. "दर वर्षी येतं, बाय. कोणाचं, ते तिनं कधी सांगितलं नाही."

मी उघडलं. आत अक्षर नव्हतं, मागे नाव नव्हतं. मी ते उराशी धरलं आणि भावासमोरच रडले. कारखान्यातली ती बाई सुखरूप होती.