देव नसलेला समुद्र

ही गोष्ट मी सहा वर्षं टाळली. वेळ नव्हता असं म्हणायची सोय नाही, निवृत्त माणसाकडे वेळच असतो. टाळली ती एवढ्यासाठी, की ती सांगितल्यावर माझ्या मुलाचं आणि नातीचं माझ्याविषयी जे बरं मत आहे ते राहिलं नसतं.

मागच्या महिन्यात माझ्या थोरल्या बहिणीचं वर्षश्राद्ध झालं. त्या दिवशी नातीने घरच्यांच्या मोबाइल-ग्रुपवर तिचा एक फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, 'आमची आत्याआजी कुणाला म्हणून घाबरली नाही, फक्त समुद्राला घाबरली. तिकीट काढूनही गेली नाही!' त्याखाली हसणारे चेहरे आले, जोडलेले हात आले. मीही जोडलेले हात पाठवले. पाठवून झाल्यावर फोन उशीखाली सरकवून ठेवला, आणि तेव्हापासून हे लिहायचं मनात घेतलं.

ताई समुद्राला घाबरली नव्हती.

ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. लग्नाला सहा वर्षं होतात तोच विधवा झाली, मूलबाळ नव्हतं, आणि मुलींच्या शाळेत शिवण शिकवायला लागून ती ग्वाल्हेरात आमच्याकडेच राहिली, जयेंद्रगंजातल्या घरी. माझी बायकोही नोकरीवर जायची. त्यामुळे माझा मुलगा खरं तर ताईच्या हाताखालीच वाढला. घरात पाहुणा आला की चहाला ताई उठायची, पाहुणा आजारी पडला की काढ्यालाही तीच.

मी सांगतोय ते माझी बायको गेली त्या वर्षीचं. ती अश्विनात गेली, मुलगा दिवस करून बंगळुरूला परतला, आणि थंडीला घरात आम्ही दोघं म्हातारी भावंडं उरलो. आमच्याकडची थंडी बाहेरच्यांना सांगून समजत नाही. पौषात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, समोरच्या घराची खिडकी धुक्यात दिसत नाही, फरशीवर पाय टेकला की कळ गुडघ्यापर्यंत येते. अशातच एका दुपारी ऊन पडलं. आम्ही छतावर जाऊन बसलो. ताई मटार सोलत होती.

"मला चार दिवस कुठे तरी गरम ठिकाणी जायचंय," ती म्हणाली. "समुद्रावर. एकटीला."

"एकटीला?"

"एकटीला म्हणजे एकटीला. तूही नाहीस."

"ताई, या वयात?"

"मग कुठल्या वयात जायचं होतं? तेव्हाच सांगितलं असतंस तर तेव्हा गेले असते."

घरातली तिकिटं काढायचं काम पहिल्यापासून माझं. आधी खिडकीवर रांग लावून काढायचो, आता फोनवर. त्यामुळे शोधायचं माझ्याकडे आलं. अटी तिच्या: जाऊन-येऊन आठवडा, तिच्या पेन्शनीत बसेल असं, कुणा नातेवाइकाच्या घरी मुक्काम नाही, आणि चौथी अट सगळ्यात अवघड. मी पुरीपासून सुरुवात केली.

"पुरीला जा. खोल्या स्वस्त आहेत."

"तिथे जगन्नाथ आहे."

"बरंच आहे की."

"काय बरं आहे? समुद्रावर गेले आणि दर्शन न घेता आले असं सांगितलं तर घरात घेशील मला?"

"मग द्वारका."

"तिथे कोण बसलाय ते मी सांगू?"

"दीवला जा, मस्त किनारा आहे म्हणतात."

"वाटेत सोमनाथ."

"ताई, हिंदुस्तानात देव नसलेला समुद्र नाही!"

"शोध. चौतीस वर्षं सरकारी फायली शोधल्यास, एक समुद्र सापडत नाही तुला?"

गोव्याचं मी मुद्दामच शेवटी काढलं. म्हटलं, तिथे देव आहेत पण लोक त्यांच्यासाठी जात नाहीत. त्या दिवसांतले खोल्यांचे भाव मात्र तिनेच माझ्या खांद्यावरून वाकून पाहिले आणि "हे काय एका रात्रीचे? मला खोली विकत नकोय" म्हणून मटाराची टरफलं गोळा करायला लागली.

तिला देव नको होता असं नाही. सकाळची पूजा तिची कधी चुकली नाही. पण आम्ही ग्वाल्हेरची मराठी माणसं इथे येऊन पाच-सहा पिढ्या झाल्या. बोलण्यात अर्धी हिंदी आली, कुलदेवता मात्र दक्षिणेत राहिल्या. म्हणून आमच्यातलं कुणी तिकडे निघालं की ओळखीच्या घरांतून खण-नारळ येऊन पडतात: आमच्या देवीची ओटी भरा, आमचा नवस फेडा, प्रसाद आणा. जाणाऱ्याची पिशवी त्याची राहत नाही. आमच्या कुलदेवीला आम्ही घरचे तीनदा गेलो होतो. तिन्ही वेळा ते सगळं सामान ग्वाल्हेरपासून ताईने सांभाळून नेलं, आणि तिन्ही वेळा ओटी माझ्या बायकोने भरली. विधवेने भरायची नसते. ताई बाहेर चपलांपाशी उभी राहिली. 'आत ये' असं मी एकदाही म्हणालो नाही. आज हे लिहिताना आठवतं, तिनेही कधी विचारलं नाही.

शेवटी रत्नागिरीच्या पुढे एक गाव सापडलं. किनाऱ्यालगत एक बाई घरातल्या दोन खोल्या भाड्याने देत होती, दोन वेळचं जेवण त्यातच. सकाळी ग्वाल्हेरला गाडीत बसायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी रत्नागिरी, पुढे रिक्षा. मी फोन केला तेव्हा ती बाई म्हणाली, "पाठवा हो काकूंना. दुपारी मी मोकळीच असते, सोबत करीन."

ताई मागून हातवारे करत होती. मी फोन ठेवल्यावर म्हणाली, "सोबत नको म्हणावं. पाय भिजवून बसायचंय आणि कुणासाठी उठायचं नाहीये."

"गावात ग्रामदैवत असेलच पण."

"असू दे की. मी त्याच्याकडे नाही चाललेय." मग आवाज खाली करून, जसं काही शेजारचे कान लावून बसले होते, "आणि हे बघ, कुणाला बोलू नकोस. रत्नागिरी म्हटलं की पाटणकर बाजारापर्यंतच्या सगळ्या ओट्या माझ्या गळ्यात येतील. आणि त्या भरायला तिथे सवाष्ण शोधत हिंडू का मी?"

म्हणून कुणाला सांगितलं नाही. मुलालासुद्धा नाही. ताई जाणार हे जगात ती, मी आणि ती खोल्यांवाली बाई एवढ्यांनाच माहीत होतं. तिकीट माझ्या फोनवर, त्या बाईकडे नंबर माझा. तिकीट तेव्हा वेटिंगला होतं, अकरावं. फोनवरून काढलेलं तिकीट वेटिंगलाच राहिलं तर आपोआप रद्द होतं, हे मी ताईला समजावून सांगितलं होतं. ती रोज सकाळी चहाबरोबर विचारायची, "किती झालं?" मी सांगायचो. अकराचे सात झाले, सातांचे चार.

आता जे सांगायचं ते.

निघायच्या तीन दिवस आधी ताई बाजारात गेली. धुकं होतं. ती गेल्यावर मी थोडा वेळ वर्तमानपत्र वाचलं. मग टीव्ही लावला. मग आतल्या खोलीतला रेडिओही लावला, दोन्हीकडे माणसांचे आवाज असावेत म्हणून. तरी घर रिकामं ते रिकामंच. बायको गेल्यापासून ताई इतका वेळ बाहेर अशी ती पहिलीच सकाळ होती. बायकोची खाट मी अजून उचलली नव्हती. तिकडे पाहायला नको म्हणून मी जिन्याच्या तोंडाशी खुर्ची नेली आणि शाल पांघरून खालच्या दाराकडे बघत बसलो. तीन तासांत कुणी आलं नाही. मी हिशेब करत होतो: हे तीन तास आहेत, ताई जाईल तेव्हा सहा-सात दिवस असतील.

तिथेच बसलेला असताना मेसेज आला. तिकीट पक्कं झालं होतं. डबा, नंबर, खालचा बर्थ.

मला आनंद झाला नाही. मी लगेच काही केलं असंही नाही. पंधरा-वीस मिनिटं तो मेसेज उघडायचो, बंद करायचो. मग तिकीट रद्द केलं. तिथे पुन्हा विचारतात, नक्की रद्द करायचं का. मी पुन्हा हो म्हटलं. त्या बाईला फोन करून सांगितलं की बहिणीची तब्येत बरी नाही. ती बिचारी म्हणाली, "काळजी घ्या हो त्यांची."

ताई जिना चढून आली तेव्हा धापा टाकत होती, पण तोंडभर हसत होती. पिशवीतून तिने रबरी चपला काढल्या, निळ्या. "वाळूत चालतात म्हणाला. समंदर में भी चलेगी, माताजी, असं म्हणाला! मी म्हटलं तुला काय ठाऊक रे, तू बघितलायस?" मग माझ्याकडे पाहून, "तू जिन्यात काय बसलास गारठ्यात? किती झालं वेटिंग?"

"चारच आहे अजून," मी म्हणालो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी तिला सांगितलं की झालं नाही. ती पिशवी भरत होती. हातातली साडी तिने परत घडी केली, आधीच घडी असलेली. म्हणाली, "तुला उगीच इतके दिवस फोन घेऊन बसवलं मी. तुझे डोळे आधीच अधू." मग माझ्यासाठी पिठलं टाकायला गेली.

निळ्या चपला तिने न्हाणीघरात वापरायला काढल्या.

इथवर थांबलं असतं तरी एक पाप झालं असतं. पण आठवड्याने तिनेच मुलाशी फोनवर बोलताना सहज सांगून टाकलं, की समुद्रावर निघाले होते, तिकीटच मिळालं नाही. मुलाने लगेच मला फोन केला.

"बाबा, वेटिंगचं तिकीट काढलंत कशाला? मी आत्याला विमानाचं काढून देतो. आजच. तारीख सांगा."

मी काय बोललो ते शब्द मला नेमके आठवतात. "नको रे. तिकिटाचं निमित्त आहे. ऐन वेळी तीच घाबरली. तिला लाज वाटेल, विषय काढू नकोस."

त्याने विषय काढला नाही, पण घरात सांगितला. दोन महिन्यांत सगळा देशच बंद झाला, मग तिचे गुडघे गेले, आणि जाणं मागे पडत पडत कायमचं राहिलं. ती गोष्ट तेवढी राहिली नाही, वाढत गेली. पुढे नात्यातल्या एका लग्नात, फूलबागेकडच्या एका हॉलमध्ये, आम्ही एका टेबलाला जेवत होतो. नात ताईच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "आत्याआजी, सच बताओ, समंदर से डर गई थीं ना?"

"अगं, वेटिंगच राहिलं तिकीट."

"हाँ हाँ, बहाना! बाबांनी सांगितलंय आम्हाला सगळं."

टेबलावरचे सगळे हसले. ताईही हसली, आणि माझ्याकडे वळली. "सांग रे हिला काय झालं ते."

माझ्या ताटात जिलबी होती. मी तिचे तुकडे करत राहिलो. "जाऊ दे ना आता," मी म्हणालो, "जुनं झालं ते."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. एखादा शब्द ऐकू आला नाही की माणूस जसा थांबून बघतो, तशी. मग जेवायला लागली. त्यानंतर कुणी चिडवलं की ती स्वतःच म्हणायची, "हो बाई, घाबरले. पुरे आता." माझा मुलगा तिच्या या खिलाडूपणाचं कौतुक करायचा. तिला काय कळलं होतं, किती कळलं होतं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

मागच्या थंडीत तिचं हृदय थकलं. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हटलं. दुपारी मी तिच्या खाटेजवळ बसायचो. अशाच एका दुपारी ठरवून बसलो, की आज बोलायचं.

"ताई, तुला एक सांगायचं होतं."

"सांग की."

तिने मान वळवायचा प्रयत्न केला, ती पुरती वळली नाही. मी तिच्या पांघरुणाची कड सारखी केली, मग पुन्हा केली.

"सांगतोयस ना?"

"खिडकी लावू का? वारा येतोय."

"लाव," ती म्हणाली.

मी खिडकी लावली. त्यानंतर ती आठ दिवस होती, आणि रोज दुपारी मी तिथेच बसत होतो.

सांगायचं होतं ते एवढंच होतं. ताई, तुझं तिकीट पक्कं झालं होतं. खालचा बर्थ मिळाला होता. तू बाजारात गेली होतीस तेव्हा मी ते रद्द केलं, कारण या घरात तुझ्याशिवाय आठवडा काढायची मला भीती वाटली. आणि मग माझी भीती मी तुझ्या नावावर सांगितली, सगळ्यांसमोर. तू घाबरली नव्हतीस. मी घाबरलो होतो. मला क्षमा कर.