इस्त्रीकाकांचं रिकामं आकाश

रेडिओ दुर्बिणीच्या कार्यालयात त्यांना सगळे इस्त्रीकाका म्हणत. आलेखातल्या सुरकुत्या काढून रेषा सपाट करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. सव्वीस वर्षांत त्यांनी इतकं विश्व सपाट केलं, की थोडं खडबडीत उरलं हेच नवल.

तिथल्या संशोधक मॅडमनी यंदा एक विचित्र दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचा प्रचंड समूह, निवडली होती: आडवी तबकडी आणि तिला काटकोनात, उत्तर-दक्षिण उभं कडं. कड्यात रेणुवायू, म्हणजे तारे बनायचा कच्चा माल, आहे का, एवढाच प्रश्न. काकांनी मोजलं. नव्हता. मॅडमचा शोधनिबंध छापून आला, शेवटी काकांचे आभार: ‘काळजीपूर्वक निरीक्षणांबद्दल’.

ते पान काकांनी घरी नेलं आणि सहज पडल्यासारखं टेबलावर ठेवलं.

“पण मोजता कसं हो?” कपड्यांच्या घड्या घालता घालता बायकोनं विचारलं.

“आधी वस्तूकडे दुर्बीण रोखायची, मग शेजारच्या रिकाम्या आकाशाकडे. दुसरं पहिल्यातून वजा केलं की उरतं ते वस्तूचं.”

“शेजारी रिकामंच आहे, हे कोणी बघितलं?”

“अगं, सव्वीस वर्षं करतोय. नेहमी थोडं उत्तरेला सरकायचं, की...”

काका थांबले. कड्यावरून उत्तरेला सरकलं, की पुन्हा कडंच होतं.

सकाळी त्यांनी मूळ नोंद उघडली. रेषेत एक छोटा खड्डा होता, वजाबाकी चुकल्याची खूण. तो त्यांनीच भरला होता, तोही सुबक. मूळ नोंदी पुन्हा कोणी उघडत नाही. तरी ते मॅडमच्या दारात जाऊन उभे राहिले.

“मॅडम, कडं कोरडं नाही. मी कड्यातून कडंच वजा केलं.”

“आणि हा खड्डा दिसला नाही?”

“दिसला. इस्त्री केली.”

“शुक्रवारी माझं व्याख्यान आहे, काका. विषय माहितीये ना?”

“कोरडं कडं.”

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी व्याख्यान रद्द केल्याचं पत्र लिहायला घेतलं आणि काकांना म्हणाल्या, “या वेळी पूर्वेला सरका.”

वायू भरपूर निघाला. छापून आलेल्या दुरुस्तीत मॅडमनी चूक स्वतःच्या नावावर घेतली. शेवटी आभार होतेच, शब्दही तेच. हे पान मात्र काकांनी टेबलावर ठेवलं नाही.

“या वेळी नाव नाही आलं?” बायकोनं विचारलं.

“आलं,” काका म्हणाले, आणि तिनं न सांगताच कपड्यांच्या घड्या घालायला बसले.