बाईंचे शिंपले

आमच्या ताईचं पोट विषावर चालतं. पाहुण्यांना मी मुद्दाम एवढंच सांगतो आणि त्यांच्या हातातला कप ओठांपाशी थांबला की खुलासा करतो. समुद्रात कधीकधी एक सूक्ष्म शेवाळ माजतं. शिंपले ते गाळून खातात आणि मजेत राहतात. पण ते शिंपले खाणाऱ्याचे ओठ बधिर होतात आणि प्रकरण श्वासापर्यंत जाऊ शकतं. उकळलं तरी ते विष जात नाही. ताई हे विष मोजते. त्यासाठी शिंपले वाटायला लग्नात आहेर म्हणून आलेला मिक्सर तिने प्रयोगशाळेत नेला. तेव्हापासून भावोजी घरच्या मिक्सरमधलं काहीही पिण्याआधी तिचा चेहरा न्याहाळतात. बावीस वर्षांत तिने स्वतः एकही शिंपला तोंडात घातलेला नव्हता. आम्ही तिला विषकन्या म्हणतो. ती रागावत नाही, फक्त विचारते, "किती मात्रेची?"

यंदा खाडीत शेवाळ माजलं आणि शिंपले काढायला बंदी आली. लागोपाठ तीन आठवडे नमुने स्वच्छ निघाले की ताईने सही करायची आणि बंदी उठायची. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे तिला खडकांवर उतरता येईना, म्हणून नमुने होडीवाले काका आणून देत. तिने त्यांना कागदावर सगळं लिहून दिलं होतं: कुठल्या खडकावरचे, किती, सोबत बर्फ, पिशवीवर तारीख. तिन्ही नमुने स्वच्छ निघाले. सही शुक्रवारी होती. काकांच्या होडीला नवा रंगसुद्धा लागला.

ताई मात्र घुम्यासारखी बसलेली. कारण खाडीतून भरून आणलेल्या पाण्याच्या बाटल्यांत शेवाळ अजून खच्चून होतं.

"शिंपले स्वच्छ आहेत ना?" प्रयोगशाळेतले साहेब म्हणाले. "मग पाण्याशी कशाला भांडताय?"

"तेच दोघं एकमेकांशी भांडतायत, सर. मी मध्ये सापडलेय."

गुरुवारी सकाळी ती काठी टेकत धक्क्यावर निघाली. बादली धरायला मी. काकांच्या शेडमागे एक टब होता, त्यात हवेचा पंप बुडबुडत होता आणि तळाशी लख्ख शिंपले. टबावर चिठ्ठी: 'बाईंचे'.

"हे काय, काका?"

"तुमचेच की!" काका खुलले. "गाळलेल्या खाऱ्या पाण्यात ठेवतो, रोज पाणी बदलतो. वाळू, घाण, सगळं बाहेर. एवढ्या शिकलेल्या बाईंना चिखलाचे शिंपले द्यायचे म्हणजे..."

"किती दिवस ठेवता?"

"चांगले आठ दिवस! घरच्यांसाठी आम्ही एकच रात्र ठेवतो."

"आणि पिशवीवरची तारीख?"

"देतो त्या दिवसाची. ताजी."

ताई मटकन उलट्या टोपलीवर बसली. आठ दिवस स्वच्छ पाण्यात आराम करून शिंपल्यांनी वाळूबरोबर बरंचसं विषही बाहेर टाकलं होतं. मग ती उठली आणि डॉक्टरांचा सल्ला, माझी आरडाओरड, सगळं धाब्यावर बसवून पँट दुमडून खडकांवर उतरली.

संध्याकाळी तिथून काढलेल्या शिंपल्यांचा आकडा आला. मर्यादेच्या तिप्पट.

काका प्रयोगशाळेच्या दारातच उभे होते. "म्हणजे मी लोकांना विष चारलं असतं?" "पहिल्या दिवशी तर माझी नातवंडंच जेवली असती, बाई."

"तुम्ही नाही, मी. सही माझी होती. आणि 'धुऊ नका' एवढे दोन शब्द मीच लिहिले नाहीत."

शुक्रवारी तिने सहीऐवजी स्वतःची चूक लिहून दिली. साहेबांनी कपाळाला हात लावला. बंदी आणखी सहा आठवडे लांबली. काकांची रंगवलेली होडी धक्क्याला नुसती डुलत राहिली.

पुढच्या आठवड्यात काका पिशवी घेऊन आले, तेव्हा फाटकापासून जिन्यापर्यंत चिखलाची धार लागली होती. रखवालदार आडवा आला.

"पुसून तरी आणा!"

"हात लावू नकोस," काका गरजले. "बाईंची घाण आहे, जशीच्या तशी हवी."

शेवटी बंदी उठली. त्याच दिवशी ताईच्या घरी एक डबा आला. शिंपले लख्ख, वर चिठ्ठी: 'हे धुतलेत. हे खायचे आहेत.'

ताईने अर्धे प्रयोगशाळेत नेले, मिक्सरमध्ये घातले आणि आकडा येईपर्यंत भावोजींना डब्याजवळ फिरकू दिलं नाही. मग उरलेले सगळे एकटीने खाल्ले.