दोन पिशव्या चिल्लर

“देवाच्या पैशाला भंडाऱ्याचा वास असतोय. ह्याला साबणाचा येतोय की!”

ठाण्याच्या मागच्या खोलीतून हे वाक्य कानावर आलं तेव्हा मी दाराबाहेर उभी होते, आत जायला थोडा वेळ काढत. बोलणाऱ्या आमच्या महिला हवालदार होत्या. त्यांच्या हातात दहा रुपयांचं नाणं होतं आणि ते त्यांनी अगदी नाकाशी धरलं होतं. समोर बाकावर पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. पायाशी तांदळाच्या दोन पिशव्या, दोन्ही नाण्यांनी भरलेल्या.

मी आता पोलीस खात्यात नाही. निवृत्त म्हणवून घ्यायचं माझं वय नाही. काही वर्षं उपनिरीक्षक म्हणून काम करून मी राजीनामा दिला. तपास केलेल्या बऱ्याच गुन्ह्यांचे तपशील एव्हाना एकमेकांत मिसळून गेलेत. हा एक मात्र जसाच्या तसा राहिला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका बाजारपेठेच्या गावात तो घडला. नावं कुणाचीच लिहिणार नाही.

त्या आठवड्यात जवळच्या एका देवळाची दानपेटी फुटली होती. त्या देवावर भंडारा, म्हणजे हळदीची पूड उधळतात. पेटीत पडणारा पैसाही त्यामुळे पिवळाच असतो. चोरानं नोटांबरोबर चिल्लरही नेली होती. गावकरी रोज ठाण्यावर येऊन विचारत, आणि आमच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

त्या दिवशी सकाळी बाजारातल्या एका व्यापाऱ्यानं फोन करून खबर दिली. हा माणूस चिल्लर घेऊन नोटा द्यायचा. शंभराची नाणी घेतली की नव्वद रुपये हातात. मधले दहा हा त्याचा बट्टा. सुट्टे लागतात अशा दुकानदारांना तीच नाणी छोट्या पिशव्यांत भरून विकायचा, तिथंही चार पैसे वर घ्यायचा. फोनवर तो म्हणाला, “एक बाई आलीया ढिगानं चिल्लर घिऊन. बट्टा म्हटलं तर भांडतीया. देवळाचंच असणार बघा, लवकर या.”

बाई ठाण्यात आल्या, आणि हवालदार बाईंनी वास घेऊन निकाल दिला. आमच्या निरीक्षक साहेबांनी त्याचा सरळ अर्थ लावला. भंडारा लागला होता म्हणून बाईनं नाणी धुतली. धुतली म्हणजे पुरावा घालवला.

बाईची चौकशी बाईनंच करायची, आणि ठाण्यात स्त्री अधिकारी मी एकटी. साहेब मला म्हणाले, “मॅडम, तुम्ही विचारा. पण जरा मोठ्यानं. तुमचा आवाज तुमच्याच टोपीला ऐकू येत न्हाय.” टेबलाभोवतीचे सगळे हसले. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालेलं; मराठी घरात बोलायचे, पण चारचौघांत बोलताना आधी मनात वाक्य जुळवायचे आणि तोवर बोलायची वेळ निघून जायची. सहकारी चेष्टेनं विचारायचे, “काय मॅडम, चोराला प्लीज म्हणायचं का?”

साहेबांनी दोन गोष्टी करायला सांगितल्या होत्या. दोन पंच बोलावून नाणी जप्त करायची, आणि जीप घेऊन बाईंच्या घराची झडती घ्यायची. सूर्यास्तानंतर बाईमाणसाला ठाण्यात बसवून ठेवायचं नसतं, त्यामुळे जे करायचं ते दिवसाउजेडीच.

पंचनाम्याचे कागद टेबलावर ठेवून मी बाईंसमोर बसले.

“हे पैसे कुणाचे?”

“माझं.”

“कुठून आले?”

“कामाचं.”

“काम कुठं करता?”

“इचलकरंजीला. कांड्या भरते.”

म्हणजे यंत्रमागासाठी सूत गुंडाळायचं काम. इचलकरंजीत बंदोबस्ताला असताना शेडमधून बाहेर पडणाऱ्या बायका मी पाहिल्या होत्या. केसांत, भुवयांत कापसाची बारीक भुरभुर असते आणि रोज विंचरूनही ती पुरती जात नाही. या बाईंचे केस स्वच्छ होते. हात मात्र वेगळे होते. बोटांची टोकं पांढरी पडून सोललेली, सतत पाण्यात आणि फिनेलमध्ये असणाऱ्या माणसाची. मागाच्या शेडमधला मालक पगार पाच-पाच रुपयांच्या नाण्यांत देईल हेही पटण्यासारखं नव्हतं.

मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर पुढचं वाक्य जुळत नव्हतं. पण नोकरीत एवढं समजलं होतं की आपण ओरडलो की समोरचा माणूस आधी ठरवलेलंच सांगतो, आणि गप्प बसलो की त्याला शांतता सोसवत नाही. मी नुसती त्यांच्या हातांकडे बघत राहिले. त्यांनी हात पदराखाली घेतले.

“घरी जाणार व्हय तुमी?” त्यांनी विचारलं.

“साहेबांनी सांगितलंय.”

“जीप घिऊन?”

“हो.”

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाल्या, “मॅडम, कांड्या भरत न्हाय मी. तिथं स्टँडजवळ शौचालय हाय. भाईर टेबलावर बसून पैसं घेते. आत धुतेबी मीच. ठेकेदार पगार त्याच चिल्लरमधनं देतोय. बँकेत भरायचा तरास नको त्याला. मागं एका भाजीवालीला दहाचं नाणं दिलं तर म्हणाली, संडासातलं पैसं माझ्या हातावर ठेवू नगं. तवापास्नं घरी आणलं की धुते. साबण लावते, चिंच लावते, उन्हात वाळवते.”

हवालदार बाईंनी हातातल्या नाण्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या नाकाला हात लावला. “आई गं! आन् मी मघाधरनं वास घेतीया!”

“धुतल्यात की चांगली. काय हुईत न्हाय,” बाई म्हणाल्या. आणि दोघी हसल्या.

“घरी माहीत नाही?” मी विचारलं.

“मालकास्नी म्हाईत हाय. पोरीला न्हाय, गावात कुणालाच न्हाय. पोरीची सुपारी फुटलीया. पावणं काय लई मोठं न्हाईत, पण तोंडं मोठी हाईत. दारात जीप आली तर आधी चोर म्हणतील. चोर न्हाय म्हणून कळलं, तर मग काय करतीया ते कळंल. दोन्हीबी वाईटच की.” नाणी पोरीच्या डोरल्यासाठी होती. सराफ म्हणाला होता, नोटा आणा, चिल्लर घेणार नाही.

“मग बट्टा देऊन टाकायचा होता. भांडण झालं नसतं.”

त्या पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून म्हणाल्या, “वीस हजारांत दोन हजार जात्यात. मी संडास धुवायचा आन् त्यानं बसून खायाचं? कशाला?”

समोरचे पंचनाम्याचे कागद कोरे होते. एकदा नाणी मुद्देमाल म्हणून जप्त झाली की परत मिळायला न्यायालयाचा आदेश लागतो, आणि तोवर लग्न होऊन गेलं असतं किंवा मोडलं असतं. मी पेनाला टोपण लावलं, साहेबांकडे गेले आणि एक तास मागितला. ठेकेदाराला फोन करून खात्री करून घेतली. तो म्हणाला, होय, आमचीच बाई, का, काय झालं? मी ‘काही नाही’ म्हणून फोन ठेवला. साहेबांना एवढंच सांगितलं की बाईंचा पगार नाण्यांतच होतो. कुठला पगार ते मोघम ठेवलं.

साहेब म्हणाले, “मग देवळातली चिल्लर कुठं गेली? हवेत?”

त्याचाच विचार करत मी ठाण्याबाहेर पडले. पोतंभर नाणी घरात ठेवून चोराला उपयोग नाही. सराफ घेत नाही, किराणावाला घेत नाही. त्याला कुठंतरी बट्टा देणं भागच आहे. आणि गावात बट्ट्यानं चिल्लर घेणारा माणूस एकच होता, ज्यानं आम्हाला फोन केला तो.

मी एकटीच त्याच्या दुकानात गेले. जास्त बोलावं लागणार नव्हतं, हे मला बरं वाटलं. शंभराची नोट गल्ल्यावर ठेवली आणि म्हटलं, “सुट्टे द्या.”

“काय मॅडम, कबूल झाली का बाई?” त्यानं गल्ल्याखालून नाण्यांची बांधलेली पिशवी काढून दिली. “तुमच्याकडनं वर काय घ्यायचं! न्या.”

ठाण्यात येऊन मी ती पिशवी साहेबांच्या टेबलावर पालथी केली आणि हवालदार बाईंना बोलावलं. त्यांनी या वेळी नाणं जरा लांबूनच धरलं, पण तेवढं पुरलं. “हळद! ही बघा, कडंच्या खाचंत.” नाणी पुसलेली होती, खाचा पुसलेल्या नव्हत्या. पिशवीच्या कोपऱ्यातही पिवळी पूड होती. साहेबांनी एक नाणं उचललं, खिडकीशी जाऊन उजेडात फिरवून पाहिलं आणि टोपी घातली.

पंचांसमक्ष दुकानाची झडती झाली. मागच्या खोलीत अर्धं पोतं निघालं, अजून पुसायचं राहिलेलं. व्यापारी आधी म्हणाला, “देवाचा पैसा बाजारात फिरतोच की साहेब.” फिरतो, हे खरं, पण एका पोत्यात एकत्र बसत नाही. संध्याकाळच्या आत त्यानं नाव सांगितलं. देवळाला रंग द्यायला आलेल्यांपैकी एकानं पेटी फोडली होती आणि यानं ती चिल्लर निम्म्या किमतीत घेतली होती. बाई पिशव्या घेऊन दुकानात आल्या तेव्हा त्याला वाटलं, चिल्लरवाली एक बाई पोलिसांच्या हाती दिली की आपल्या पोत्याकडे कुणी बघणार नाही. शिवाय बट्टा द्यायला ती नाही म्हणाली, याचा रागही होता.

खबर आली की आम्ही ती खरी की खोटी एवढंच तपासतो. ती देण्यात देणाऱ्याचा काय फायदा, हे त्याच वेळी विचारायला मी या प्रकरणात शिकले. आणखी एक. पोलिसानं विचारलेल्या साध्या प्रश्नाचीही माणसाला किंमत द्यावी लागते, मग उत्तर कितीही सरळ असो. ही किंमत आमच्या कुठल्याच कागदावर येत नाही. साहेब कडक होते, पण बाईंना सोडल्याची नोंद करताना व्यवसायाच्या जागी त्यांनी स्वतःहून ‘मजुरी’ लिहिलं. त्यांना किती कळलं होतं ते मी विचारलं नाही.

बाई सुटल्या, पण चिल्लर चिल्लरच राहिली. मी त्यांना सांगितलं की बँकेनं नाणी नाकारायची नसतात. फक्त पाचची वेगळी, दहाची वेगळी करून शंभर-शंभर नगांच्या पारदर्शक पिशव्या बांधून न्यायच्या, म्हणजे मोजणाऱ्याला सबब राहत नाही. खातं त्यांच्या नावावर होतं. पैसे खात्यात जमा करायचे, मग लागतील तशा नोटा काढायच्या. एक रुपया कुणाला द्यायचा नाही. हवालदार बाई आणि त्या, दोघी ठाण्याच्या बाकावर बसून पिशव्या बांधत राहिल्या. “आमच्या चहाचं बघा,” असं मधूनच कुणीतरी ओरडलं, तर हवालदार बाई म्हणाल्या, “गप बसा, सरकारी काम चाललंय.”

दुसऱ्या दिवशी मी बाईंबरोबर बँकेत गेले. साध्या कपड्यांत, कारण शेजारी वर्दी दिसली तर पुन्हा तेच प्रश्न. जाताना ठरवलं होतं की आपण मागं उभं राहायचं, बोलायचं त्यांनी. रांग बऱ्यापैकी होती. त्यांच्या गावचीही एक-दोन माणसं होती, असं त्यांच्या पदर पुढं ओढण्यावरून मला वाटलं.

खिडकीतल्या कारकुनानं पिशव्यांकडे बघितलं आणि खुर्ची मागं सरकवली. “हे न्हाय घेत आम्ही. मोजायला माणूस न्हाय. ठेवायचंच असंल तर चार्ज पडंल.” मग रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “एवढी चिल्लर आणली कुठनं ओ बाई? देवळाभाईर बसता काय?”

मागं कुणीतरी हसलं. वाकून बाईंनी पिशवीचे बंद हाताला गुंडाळले, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “चला मॅडम. त्यो बट्टा परवडला.”

ओळखपत्र माझ्या पर्समध्ये होतं. ते दाखवलं असतं तर पैसे लगेच घेतले गेले असते, आणि पोलिसांनी बाईला बँकेत आणलं ही बातमी त्यांच्या आधी गावात पोचली असती. मी पर्स उघडली नाही. त्यांच्या हातातली पिशवी घेऊन खिडकीच्या फळीवर ठेवली. या वेळी मनात वाक्य जुळवलं नाही. आवाज आला तो रांगेच्या टोकापर्यंत गेला असणार, कारण सगळे वळून बघायला लागले.

“आत्या आहेत या माझ्या. घरात साठवलेले पैसे आहेत. सगळे मोजून घ्या, नाहीतर घेत नाही असं सहीनिशी लिहून द्या.”